स्की न करणाऱ्या आईसाठी निवडलेलं स्कीचं गाव

आज सकाळी दहाच्या ठोक्याला मी फोन हातात घेऊन बसले होते. शिनकानसेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, आरक्षित तिकिटं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, सकाळी दहाला सुटतात. दहा वाजून चार मिनिटांनी टोकियो ते इइयामा अशा चार जागा मिळाल्या. त्यातली खिडकीची आईची. २५ जानेवारीला, रविवारी, आई, नवरा अमोल, आठ वर्षांची लेक ईरा आणि मी नोझावा ओनसेनला निघतोय. बुधवारी परत. आमची सगळ्यांची पहिली स्कीची सहल.

गेले तीन महिने या चार दिवसांनी माझं डोकं व्यापून टाकलंय. आमच्या टोकियोतल्या निशी-कासाई भागातल्या ओळखीच्या मराठी घरांमधून आता मलाच विचारणा होते, "तू सगळं शोधून ठेवलंयस, सांग की." म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते.

टोकियोत आमचा हा पाचवा हिवाळा. दर जानेवारीत ईराच्या वर्गातली निम्मी मुलं गॉगलपुरता गोरा पट्टा आणि बाकीचा चेहरा रापलेला अशी शाळेत येतात, आणि ईरा घरी येऊन विचारते, "आपण कधी?" यंदा नक्की जायचं असं ठरलं आणि त्याच आठवड्यात आईचा साताऱ्याहून फोन आला, की जानेवारीत ती दोन महिन्यांसाठी येतेय. अमोल म्हणाला, आई परत गेल्यावर मार्चमध्ये जाऊ. त्याचंही बरोबर होतं. आई ६७ वर्षांची, उजवा गुडघा दुखरा, रक्तदाबाची गोळी चालू, आणि पूर्ण शाकाहारी. पण आईने पडणारं बर्फ आयुष्यात पाहिलेलं नाही. बाबा असताना काश्मीरचा बेत दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. मला तिला घेऊनच जायचं होतं. तिथून पुढे सगळे प्रश्न बदलले.

आधी मी सगळे करतात तेच केलं. ऑफिसात विचारलं. दहापैकी आठ जणांनी निसेको सांगितलं. होक्काइदोतलं निसेको म्हणजे आन्नुपुरी या १,३०८ मीटरच्या डोंगरावर चार बाजूंनी पसरलेली चार स्की-मैदानं, समोर १,८९८ मीटरचा योतेइ, ज्याला तिथली माणसं एझोचा फुजी म्हणतात, आणि वर्षाकाठी १५ मीटरच्या आसपास हिमवर्षाव. फोटो पाहून माझाही जीव तिथे अडकला होता. पण तिथे जायचं म्हणजे आधी न्यू चितोसेपर्यंत विमान, मग दोन-अडीच तास बस. चारही मैदानांचं एका दिवसाचं तिकीट १०,००० येनच्या वर. एवढं करून ज्या भुसभुशीत हिमासाठी जगभरातून लोक येतात, ते शिकाऊ माणसाच्या काहीच कामाचं नसतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गुडघाभर ताज्या हिमात नवख्याची स्की रुतते, वळत नाही, पडल्यावर उठता येत नाही. नवख्याला हवा असतो यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद, कमी चढाचा उतार आणि शेजारी शिकवणारं माणूस. हे दोन्ही जपानात शेकडो ठिकाणी आहे. त्यासाठी विमानात बसायची गरज नाही.

मग हाकुबा पाहिलं. १९९८च्या नागानो ऑलिंपिकच्या उड्या आणि डाउनहिल तिथेच झाल्या, आणि डोंगररांग बघून तर श्वास अडकतो. पण ती सगळी दरी आहे, दहा मैदानं लांबवर पसरलेली, एकीकडून दुसरीकडे बसने जायचं. गाला युझावाला शिनकानसेन थेट स्कीच्या स्टेशनातच थांबते, टोकियोपासून सव्वा तासाच्या आसपास. लिफ्टपर्यंत बर्फात एक पाऊल टाकावं लागत नाही. एका दिवसाची चव घ्यायला याहून सोपं काही नाही, आणि तरुण जोडप्यांना मी डोळे झाकून तेच सुचवेन. यामागाताच्या झाओने मला सर्वांत जास्त मोहात पाडलं. तिथल्या झाडांवर वारा आणि गोठलेले थेंब मिळून अशी पुटं चढतात की अख्खं जंगल पांढऱ्या राक्षसांचं दिसतं. आईला ते दाखवायचंच आहे. पण यंदा नाही.

हे सगळं एका वहीत लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळे रकाने स्की करणाऱ्यांचे आहेत. उताराची लांबी, लिफ्टची संख्या, तिकीट, भाड्याचं सामान. आईचा रकानाच नव्हता. त्या रात्री मी नवीन पान उघडलं आणि वर एकच प्रश्न लिहिला: आम्ही उतारावर असताना आई सकाळी नऊ ते दुपारी तीन काय करेल? या प्रश्नाला ज्या गावाकडे उत्तर नाही, ते गाव बाद. मला आता वाटतं, पहिल्यांदा जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाने सुरुवात इथूनच करावी, सोबत म्हातारं माणूस असो वा नसो. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांत मांड्या भरून येतात. कुणाला तरी ताप येतो, कुणाला भीती वाटते. स्की न करणाऱ्या माणसाचा दिवस ज्या गावात चांगला जातो, तिथे शिकाऊ माणसाचाही जातोच.

नोझावा ओनसेन असं सापडलं. नागानो प्रांताच्या उत्तरेला, १,६५० मीटरच्या केनाशी डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं जुनं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. आधी गाव, मग स्की. इथला स्की क्लब १९२३मध्ये गावकऱ्यांनी स्थापन केला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक इथे अंग शेकायला येत होते. गावात १३ सार्वजनिक स्नानघरं आहेत, त्यांना सोतोयु म्हणतात. प्रवेशाला पैसे नाहीत, दाराशी एक दानपेटी. आळीआळीतली घरं आपापलं स्नानघर झाडतात, सांभाळतात. त्या मंडळाला यु-नाकामा म्हणतात, शब्दशः 'पाण्याचे सोबती'. हे वाचल्यावर मला आमच्या आळीतला सार्वजनिक आड आठवला आणि गाव आपलं वाटायला लागलं.

गावाच्या वरच्या अंगाला ओगामा आहे. उकळत्या झऱ्याची कुंडं, पाणी ९० अंशांच्या आसपास. आत फक्त गावकऱ्यांना जाता येतं, बायका तिथे भाज्या उकडतात, आपण कठड्याबाहेरून बघायचं. आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वज्रेश्वरीसारखं." मी म्हटलं, हो, पण भोवती दोन मीटर बर्फ.

आणि ज्या गोष्टीने नक्की झालं ती गोष्ट म्हणजे यु रोड. गावातून हिकागे नावाच्या शिकाऊंच्या मैदानापर्यंत जाणारा छप्पर असलेला सरकता पट्टा. विमानतळावर असतो तसा, पण डोंगर चढणारा. आईला एक पायरी चढावी लागणार नाही. हिकागेलाच स्की शाळा, तिथेच लहान मुलांचं मैदान, तिथेच मोठ्या काचांची उपाहारगृहं. आई चहाचा कप घेऊन बसेल आणि नात पडताना-उठताना समोर दिसेल. अजून काय पाहिजे?

तारखांचा घोळही थोडा सांगते. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सगळं जपान सुट्टीवर असतं, ते टाळलं. जानेवारीचा दुसरा सोमवार म्हणजे सज्ञान दिनाची सुट्टी, तो शनिवार-रविवारही टाळला. १५ जानेवारीला नोझावात दोसोजिनचा अग्नी-उत्सव असतो. गावातले ४२ वर्षांचे पुरुष बीच झाडांच्या ओंडक्यांच्या उंच मचाणावर बसतात, २५ वर्षांचे खाली राखण करतात आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन तुटून पडतं. ही दोन वयं जपानात पुरुषांना वाईट मानली जातात, त्यांची इडापिडा जळावी म्हणून. मला स्वतःला बघायचं होतं. पण निसरडं बर्फ, रात्र, रेटारेटी, आगीच्या ठिणग्या आणि सोबत आई, हे जमणारं नाही. शेवटी २५ तारीख ठरली, आणि मुद्दाम रविवार. सगळे टोकियोकर परतत असताना आपण उलट्या दिशेने जायचं. खोल्या स्वस्त मिळाल्या आणि सोमवारी-मंगळवारी शिकवणीचे वर्ग भरलेले नसतील. ईराची तीन दिवस शाळा बुडेल. तिच्या बाईंना चिठ्ठी लिहिली, त्यांनी खाली लिहून पाठवलं, 'आजीला माझा नमस्कार सांगा.'

राहण्याच्या जागेत मात्र मी चुकले होते. पहिल्यांदा एक छान लाकडी जागा आरक्षित केली, नकाशावर हिकागेपासून आठ मिनिटं चालत. चार दिवसांनी सहज तिथे फोन केला, आई येणार आहे, वय इतकं, असं सांगितलं. पलीकडच्या काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ती आठ मिनिटं चढाची आहेत, जानेवारीत त्या गल्लीत बर्फ दबून काचेसारखं होतं, आम्हीसुद्धा जपून चालतो. तुम्ही खाली राहा. त्यांनी आमचं आरक्षण स्वतःच रद्द केलं, एक येनही न घेता, आणि यु रोडच्या खालच्या टोकाजवळची एक पारंपरिक जपानी सराई म्हणजेच र्‍योकान सुचवली. मी त्यांना भेटायला जाणार आहे. तुम्ही जागा शोधताना नकाशावरची मिनिटं मोजू नका, चढ विचारा.

आता बर्फाबद्दल, कारण आईने पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "टोकियोत तर तुमच्याकडे ऊन दिसतंय, दोन तासांवर इतकं बर्फ कसं?" मी तिला महाबळेश्वरावरून समजावलं. हिवाळ्यात सायबेरियावरून कोरडा, कडाक्याचा वारा निघतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो, आणि त्यात दक्षिणेकडून येणारा त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आहे. थंड वारा त्या कोमट पाण्यावरून जाताना भरपूर वाफ उचलतो, ढग बांधतो आणि होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या डोंगरांना येऊन धडकतो. वर चढताना सगळा ओलावा हिम होऊन तिथेच पडतो. डोंगर ओलांडून टोकियोकडे येतो तो रिकामा, कोरडा वारा. जून-जुलैत सह्याद्रीला होतं तेच, फक्त पाण्याच्या जागी बर्फ. आई लगेच म्हणाली, "म्हणजे नोझावा महाबळेश्वर, आणि तुम्ही माणदेशात राहता." मला गेली चार वर्षं हे कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात आम्ही तिघं सायतामातल्या सायामा स्की-मैदानावर जाऊन आलो. १९५९पासूनचं, छपराखालचं, ३०० मीटर लांबीचं मैदान, बेसबॉलच्या स्टेडियमशेजारी. तिथलं बर्फ यंत्रात किसलेलं असतं, पडलं की खडबडीत लागतं, आणि रविवारी गर्दीही फार. तरीही पहिल्या सहलीआधी असं काहीतरी कराच. कारण स्कीच्या बुटांशी ओळख होणं हे अर्धं काम आहे. प्लास्टिकचे ते बूट घालून पहिल्यांदा जिना उतरताना ईरा रडकुंडीला आली होती. अमोलचे एक सहकारी, साठीचे, लहानपणापासून स्की करणारे, आमच्यासोबत आले होते. त्यांनी तिला टाच आधी टेकवून चालायला शिकवलं. बुटात एकच पातळ मोजा घालायचा, दोन नाही. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. सैल बूट आरामदायी वाटतो, पण पाय आत हलला की स्की तुमचं ऐकत नाही.

थांबायचं कसं, हे जपानी मुलांना 'हा नो जी' म्हणून शिकवतात. काताकाना लिपीतला 'हा' म्हणजे वर जवळ आलेल्या आणि खाली फाकलेल्या दोन रेघा. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब. ईराने ते मला मराठीत सांगितलं, "आई, हा मोठा केला की थांबतो, हा लहान केला की पळतो." त्या दुपारी मी सतरा वेळा पडले असेन. घाबरून मागे रेललं की स्की पुढे पळते. पोटऱ्यांनी बुटाच्या जिभेवर पुढे दाब द्यायचा, हे शरीराला पटायला फार वेळ लागतो. पण एकदा, शेवटच्या फेरीत, मी वरपासून खालपर्यंत न पडता आले. तो आनंद मला अजून पुरतोय.

येताना त्या सहकाऱ्यांनी सांगितलं की आम्ही जिथून घरातली कपाटं आणली त्या मिनामी-फुनाबाशीच्या आयकियाच्या जागेवर १९९३ ते २००२ एक प्रचंड बंदिस्त स्की-मैदान होतं. नव्वदच्या दशकात जपानला स्कीचं वेड होतं. त्यांच्या तरुणपणी शुक्रवारी रात्री शिंजुकूहून बसगाड्यांच्या रांगा सुटायच्या. बोलताना त्यांचा आवाज कातर झाला होता.

सामानाचं थोडक्यात. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं गावात भाड्याने. फॉर्मवर उंची आणि वजन विचारतात, तिथे वजन खरंच लिहा. पडल्यावर बूट स्कीपासून कधी सुटावा याचं बंधन त्यावरून लावतात, चुकलं तर गुडघा जातो. कपडे तीन थरांत, आणि आतला थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसल्यावर गारठवतं. ईराचा स्की-सूट जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला. इथल्या मुलांच्या सूटना बाहीच्या आणि पायाच्या आत एक टीप असते, ती उसवली की लांबी वाढते, म्हणून दोन-तीन हिवाळे पुरतो. गॉगल आणि हातमोजे मात्र आम्ही कांदा-ओगावामाचीच्या खेळसामानाच्या दुकानांतून नवे घेतले. आईसाठी बर्फातले बूट आणि त्यांवर चढवायचे रबरी, खिळ्यांचे सुबेरिदोमे. हे घेताना मी दुकानात तीन जोड्या स्वतः घालून फरशीवर पाय घासून पाहिले.

विम्याचं एक सांगते, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. उतारावर आपण कुणावर आदळलो तर भरपाई द्यावी लागू शकते. टोकियोत २०२०पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे, आणि आमच्या त्या विम्यात वैयक्तिक दायित्वाचं कलम निघालं, ते स्कीलाही लागू आहे. घरी कागद काढून बघा. आणि दोरीच्या पलीकडे जाऊ नका. नोझावात गावाचा नियमच आहे, हद्दीबाहेर गेलात तर शोधून आणण्याचा खर्च तुमचा.

आता आईचं खाणं. मला सर्वांत जास्त काळजी याची होती. नागानो हा सोब्याचा, म्हणजे कुट्टूच्या शेवयांचा मुलूख, पण सोब्याच्या बुडवणीत दाशी, म्हणजे सुक्या माशाचं पाणी असतं. डोळ्यांना शाकाहारी दिसणारं निम्मं जपानी जेवण असंच. र्‍योकानला मी जपानीत सविस्तर लिहिलं: मांस नको, मासे नकोत, काट्सुओ माशाचं दाशीही नको, कोम्बू या समुद्री शेवाळाचं चालेल. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यासोबत चार रात्रीच्या पदार्थांची यादी. आम्ही तर तीनच रात्री राहणार! चौथी यादी 'आवडलं नाही तर' म्हणून होती. शिवाय तिथे ओयाकी मिळतात, भाकरीच्या पिठासारख्या जाड आवरणात भोपळा किंवा लाल चवळीसारख्या आझुकीचं पुरण. आणि नोझावाना. हे त्या गावाच्या नावाचं लोणचं, सलगमच्या जातीची लांब पानं मिठात मुरवलेली. अठराव्या शतकात गावातल्या देवळाचा पुजारी ओसाकाच्या तेन्नोजीहून सलगमचं बी घेऊन आला, पण थंडीत कंद वाढायच्या ऐवजी पाला माजला, अशी तिथली आख्यायिका. नोव्हेंबरात बायका ही पानं सोतोयुच्या गरम पाण्यात धुतात. आई लोणच्याच्या बाबतीत सहसा कुणाचं कौतुक करत नाही, त्यामुळे हे ती काय म्हणते याची मला फार उत्सुकता आहे. मेतकूट, तूप आणि लसणीची चटणी सोबत आहेच.

स्नानाचा विषय मी सर्वांत शेवटी काढला. सोतोयुत बायकांचा विभाग वेगळा, पण अंगावर कपडा चालत नाही. आधी बाहेर स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. आई फोनवर गप्प झाली. मी आग्रह केला नाही. गावात पाय बुडवून बसायची जागा आहे, आणि र्‍योकानमध्ये घरच्यांपुरतं कडी लावून घ्यायचं स्नानघर मी दोन संध्याकाळी आमच्या नावाने राखून ठेवलंय. पाणी फार कढत असतं, म्हणून साताऱ्याच्या तिच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाच मिनिटं, छातीच्या खाली, आणि एकटीने नाही. काल आईचा फोन आला होता. बाकी सगळं बोलून झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "त्या कडीवाल्या खोलीत तू असशील ना?"

पेट्या २३ तारखेला कोपऱ्यावरच्या दुकानातून ताक्युबिन या घरपोच सामान सेवेने पुढे जातील, म्हणजे आईला ओझं नाही आणि माझा एक हात तिच्यासाठी मोकळा. सकाळी तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून भुयारी वाटेने टोकियो स्टेशन, मग हाकुताका नावाची शिनकानसेन, कारण कागायाकी ही दुसरी गाडी इइयामाला थांबत नाही. पावणेदोन-दोन तासांनी इइयामा, पुढे बस २५ मिनिटं. गाडी तशीच पुढे गेली तर पुढचं स्टेशन जोएत्सु-म्योको. तिथल्या ताकादामध्ये १९११मध्ये लेर्ख नावाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अधिकाऱ्याने जपानी सैनिकांना पहिल्यांदा स्की शिकवली, एकच लांब काठी हातात देऊन. ईराने हे ऐकल्यापासून ठरवलंय की तीसुद्धा एकाच काठीने शिकणार.

नागानो सोडलं की गाडी बोगद्यात शिरते. अमोलचे सहकारी सांगत होते की कधी कधी अलीकडे नुसतं फिकं ऊन असतं आणि बाहेर पडल्यावर सगळं पांढरं. त्या वेळी आई जागी असली पाहिजे. मी ईराला सांगून ठेवलंय, नागानो आलं की आजीला हलवायचं.